स्केलेटन शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

दर हिवाळ्यात तेच. स्केलेटन, म्हणजे स्लेडवर (बर्फावरच्या छोट्या घसरगाडीवर) पालथं झोपून बर्फाच्या ट्रॅकवरून डोकं पुढे करून उतरायचा खेळ, शिकायला विद्यार्थ्यांची नवी तुकडी येते. सगळ्यांनी ऑलिंपिकचे व्हिडिओ पाहिलेले असतात, निम्म्यांच्या खिशात हेल्मेटवर लावायचा कॅमेरा असतो (तो आम्ही काढून घेतो), आणि "सकाळी पोटभर खाऊन कोण आलंय?" असं विचारलं की वीसपैकी तीन हात वर होतात.

मी कॉलेजात असताना स्केलेटन सुरू केलं. आता सुट्टीच्या दिवशी नवख्यांच्या सरावाला मदत करते. मदत म्हणजे स्टार्टपाशी स्लेड धरायची, हेल्मेटचे पट्टे ओढून बघायचे आणि खाली पोचलेल्यांपैकी कोण गप्प झालंय ते हेरायचं. मी कोच नाही. त्यामुळे पुढचं सगळं शास्त्र म्हणून वाचू नका, त्याच त्या चुका बघून वैतागलेल्या बाईचं म्हणणं म्हणून वाचा.

आधी एक खुलासा, कारण इथूनच गोंधळ सुरू होतो. बर्फाच्या ट्रॅकवरून स्लेडने उतरायचे खेळ तीन. ल्यूजमध्ये पाठीवर झोपून पाय पुढे, स्केलेटनमध्ये पोटावर झोपून डोकं पुढे, आणि बॉबस्लेमध्ये बसून. ट्रॅक बहुधा एकच असतो, अंगाला लागणारी तयारी मात्र वेगळी. ल्यूजवाला बसल्या जागी दोन्ही हातांनी दांड्या ओढून स्वतःला पुढे झोकतो आणि बोटांना खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फ खरवडत वेग घेतो, म्हणजे काम खांद्यांचं आणि पाठीचं. स्केलेटनवाला कमरेत वाकून स्लेड ढकलत पंचवीस-तीस मीटर जिवाच्या आकांताने पळतो आणि तिच्यावर झेपावतो. म्हणजे काम मांड्यांचं. तीन महिने ट्रेडमिलवर तासतासभर धावून आलेली मुलं मग विचारतात की स्टार्ट इतका हळू का होतोय. अहो, अख्खी उतरण मिनिटभराची, त्यात पळणं पाच-सहा सेकंदांचं. दमसास कुठे लागतोय त्यात? छोट्या धावा मारा, जिने चढा, उड्या मारा. आणि मान! मानेचा व्यायाम कुणीच करून येत नाही.

आता माझ्या लाडक्या चुकीकडे येते, ती म्हणजे पोट. विद्यार्थ्याचं जेवण कसं असतं ते मला माहीत आहे. रात्री दोनपर्यंत असाइनमेंट, सकाळी कॉफी, दुपारी समोर येईल ते, आणि येईल तेवढं. एरवी हे खपून जातं, ट्रॅकवर खपत नाही. दुसऱ्या वर्षाला असताना मी नेमकं हेच केलं होतं. चार तास झोप, नुसती काळी कॉफी, आणि सकाळच्या दोन फेऱ्या. दुसरीच्या वेळी हात थरथरत होते. मला वाटलं थंडीने. साडेबाराला भुकेने डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा चीज घातलेला भलामोठा ताटभर पास्ता खाल्ला, वर एक गोड काहीतरी. तिसरी फेरी सव्वा वाजता. कोचने विचारलं, "जेवून किती वेळ झाला?" मी म्हटलं, "बराच."

वेगात असताना वळणात शिरलं की शरीरावर वजनाच्या चार-चार, कधी पाच पट दाब येतो. पोटावर झोपलेल्या माणसाचा तो दाब कशावर पडतो हे सांगायला नको. नवव्या वळणापर्यंत मी दात आवळून होते. खाली पोचले तेव्हा व्हायझरमधून बाहेरचं काही दिसत नव्हतं, आणि कारण धुकं नव्हतं. हेल्मेट क्लबचं होतं. ते मी तीनदा धुतलं. तरी पुढचा अख्खा सीझन ते कुणी घेतलं नाही, म्हणून तेच माझं झालं.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. पहिल्या फेरीच्या तीन तास आधी खरंखुरं जेवण: भात किंवा ओट्स, दोन अंडी, तेलकट काही नाही. मधल्या वेळात अर्धं केळं, ब्रेडचा तुकडा, असं घासाघासाने. चॉकलेट बार आवडत असेल तर तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बाहेर ठेवलेला बार विटेसारखा होतो, आणि त्यावर दात आपटून रडणारे मी पाहिलेत.

पाण्याची गोष्ट याहून वाईट. थंडीत तहान लागल्याचं कळत नाही, उलट लघवी जास्त होते. आणि अंगाला चिकटलेला तो सूट सोलून काढून पुन्हा घालायचा कंटाळा म्हणून मुलं मुद्दाम पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं धरून बसलेली असतात. थर्मासमध्ये कोमट पाणी, किंचित मीठ-साखर. साधी बाटलीच असेल तर पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, मग तो बुडाशी राहतो आणि तोंड मोकळं राहतं.

जाता जाता: "जड माणूस जास्त वेगात जातो" हे कुठेतरी वाचून वजन वाढवायला खात सुटू नका. स्लेड आणि माणूस मिळून वजनाला वर मर्यादा असते. ल्यूजमध्ये हलक्या खेळाडूंना वजन घातलेलं जाकीट घालायची सोय आहे. नवख्याला यातल्या कशानेच फरक पडत नाही, त्याचा वेळ भिंतींवर आपटण्यात जातो.

आणि भिंतींवर का आपटतो? इथेच घोडं पेंड खातं. स्लेड चालवायला जातात म्हणून!

गेल्या हिवाळ्यात एक मुलगा आला होता, दणकट, रोज जिमला जाणारा. पहिल्याच दिवशी विचारतो, सहाव्या वळणात डावा गुडघा दाबायचा की उजवा? आम्ही सांगितलं, काहीच दाबायचं नाही. झोपायचं, पुढे बघायचं, श्वास घ्यायचा. त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं की ही मंडळी आपल्यापासून काहीतरी लपवतायत. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, अगदी शब्दशः. प्रत्येक वळणात त्याने खांदा दाबला, गुडघा दाबला, एकदा तर बुटाचं टोकही बर्फात रोवलं. खाली आला तेव्हा दोन्ही कोपरांवरची टेप फाटलेली, खांद्याला निळा डाग. त्याच्या मागून उतरली एक बारकीशी मुलगी. ती इतकी घाबरलेली होती की तिने बोटसुद्धा हलवलं नाही. पिठाच्या पोत्यासारखी पडून राहिली. वेळ त्याच्यापेक्षा दोन सेकंदांनी कमी! या खेळात दोन सेकंद म्हणजे काय, हे त्याला संध्याकाळी कळलं.

यामागचं कारण साधं आहे. खांद्याने आणि गुडघ्याने दाब दिला की स्लेडची फ्रेम किंचित पिळते आणि खालचा पोलादी रनर (स्लेड ज्यावर घसरते ती दांडी) बर्फात चावतो. त्यानेच दिशा बदलते. पण रनर चावला की वेग मरतोच, दर वेळी. शिवाय नवख्याचा दाब नेहमी उशिरा पडतो. वळणातून बाहेर पडताना घाबरून डावीकडे दाबलं की डावी भिंत, तिथून दचकून उजवीकडे दाबलं की उजवी. वळणांचा आकार असाच असतो की बरीचशी वळणं स्लेडला आपणहून पार करून देतात. पहिल्या दहा फेऱ्या तिला तिचं काम करू द्या.

पडून राहणंही शिकावं लागतं, हे मात्र खरं. अंग ताठ केलं की बर्फातला प्रत्येक उंचवटा हाडांपर्यंत पोचतो. श्वास रोखला की अंग आपोआप ताठ होतं. मी तोंडाने हळू 'हं…' करत जाते, म्हणजे श्वास चालू आहे हे कळत राहतं. बाहेरून ते गाय हंबरल्यासारखं ऐकू येतं म्हणे. येऊ दे.

आणि डोकं उचलून बघू नका. नजर भुवयांखालून वर न्यायची, हनुवटी बर्फापासून चार बोटांवर. डोकं उचललं की वारा अडतो ते सोडा, मान दमते. मग मोठ्या वळणात दाब आला की दमलेली मान सोडून देते आणि हनुवटी बर्फावर घासत जाते. हेल्मेटच्या हनुवटीवरचे ओरखडे बघून मी सांगू शकते कोण वर बघत आलंय.

ट्रॅक पाठ करायचा माझा उपाय असा. सराव सुरू व्हायच्या आधी परवानगी घेऊन ट्रॅक पायी चालून बघायचा, प्रत्येक वळणाची सुरुवात आणि शेवट. मग रात्री खोलीत जमिनीवर पालथं पडायचं, डोळे मिटायचे, हातात स्टॉपवॉच. मनात पूर्ण उतरायचं आणि शेवटच्या रेषेला बटण दाबायचं. मनातली वेळ आणि खरी वेळ सेकंद-दोन सेकंदांत जुळायला लागली की समजा ट्रॅक डोक्यात बसला. रूममेट हसते. हसू द्या, मोठे मोठे खेळाडू स्टार्टच्या खोलीत डोळे मिटून हात वळवत हेच करत असतात.

बाकीच्या चुका भराभर. वॉर्मअप न करता थंड मांडीने स्प्रिंट मारलीत तर मागचा स्नायू धरलाच म्हणून समजा. सुती बनियन घालू नका, घामाने भिजून ते दिवसभर अंगावर गारठत राहतं. स्लेड एकट्याने उचलायची मर्दुमकी नको, तीस-चाळीस किलोची असते. आणि उलटलात तर स्लेड सोडू नका! सुटलेली स्लेड मागून येऊन तुमच्यावरच आदळू शकते.

"खालच्या स्टार्टवरून नको, वरूनच सोडा" असं म्हणणारा दर वर्षी एक तरी असतोच. खालून सोडलं की वेग कमी राहतो, म्हणून नवख्यांना तिथून सोडतात. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी व्हिस्लरच्या ट्रॅकवर सराव करताना जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली अपघातात गेला. त्यानंतर तिथल्या ल्यूज शर्यती खालच्या स्टार्टवरून झाल्या. जगातले सगळ्यात तरबेज लोक निमूटपणे खालून उतरले. तुम्ही आलात काल.

घरी सराव म्हणून चाकांची पाटी घेऊन उताराच्या रस्त्यावर जाणाऱ्यांचं काय करावं मला कळत नाही. हो, भारताचे ल्यूजपटू शिवा केशवन यांनी चाकांच्या ल्यूजवर हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला. ते १९९८ ते २०१८ सहा हिवाळी ऑलिंपिक खेळले. तुम्हाला समोरून येणारा ट्रकच भेटेल.

ज्यावरून मी खरंच आवाज चढवते ती गोष्ट म्हणजे डोकेदुखी लपवणं. ट्रॅकच्या हादऱ्यांनी डोकं जड होणं, धुरकट वाटणं, उजेड नकोसा होणं, याला खेळाडूंमध्ये 'स्लेडहेड' म्हणतात, आणि बरेच जण ते हसण्यावारी नेतात. डोकं आपटलं नसलं तरी मेंदूला हिसके बसतातच. माझा नियम कडक आहे: नवख्याला दिवसाला तीनच फेऱ्या, डोकं दुखलं की त्या दिवसापुरतं संपलं, रात्री लॅपटॉप बंद, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर डॉक्टर. "उद्या परीक्षा आहे, अभ्यास राहिलाय" हे मला सांगू नका. परीक्षेच्या आदल्या दिवशी ट्रॅकवर आलातच कशाला?

शेवटी रनर. दोन उघडी बोटं रनरवर फिरवून "किती गुळगुळीत!" म्हणणाऱ्याला मी तिथल्या तिथे फडकं देते, कारण घामाच्या बोटांचे ठसे सकाळपर्यंत तांबूस होतात. ते घालवायला जाड्याभरड्यापासून बारीक पॉलिश पेपरपर्यंत तासभर घासत बसावं लागतं. रनर गरम करून घसरण वाढवायची शक्कलही कुणीतरी दर वर्षी काढतं. जुनीच आहे ती. १९६८ च्या ग्रनोबल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला ल्यूजपटू त्याच कारणाने बाद झाल्या. आता शर्यतीत रनरचं तापमानच मोजतात.

संध्याकाळी बस सुटायच्या घाईत ओली स्लेड तशीच बॅगेत कोंबू नका. रनर कोरडे पुसा, तेलाचा हात फिरवा, फडक्यात गुंडाळा. आणि खोलीवर पोचलात की बॅगेची चेन रात्रभर उघडी ठेवा.