गरम स्विच आणि श्रावणातला बोंबील

गाडीच्या वायरिंगचं काम शिकायला आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात विचारतो, "भाऊ, स्कॅनर कुठला घेऊ?" मी सांगतो, गाडीतले दोष वाचणारं ते यंत्र राहू दे. लॅमिंग्टन रोडला जा, एक बरा डिजिटल मीटर घे, आणि येताना 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, होल्डर आणि हातभर वायर आण. मीटरचं त्याला पटतं. बल्ब कशाला, हे विचारायचा त्याला धीर होत नाही.

मीही तसाच आलो होतो. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून शीवच्या एका गॅरेजात लागलो. ओहमचा नियम पाठ, त्यावरची गणितं चोख. पण तो नियम गाडीत नेमका कुठे बसलेला असतो, ते एका वासामुळे कळलं.

श्रावण चालू होता, बाहेर धो धो पाऊस. माहीमचे एक काका जुनी गाडी घेऊन आले. तक्रार अशी की रात्री हेडलाइट मध्येच जातात आणि आपोआप परत येतात. जाता जाता म्हणाले, "आणि नातवंडं गाडीत बसेनात. सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणतात. डिकी तीनदा धुतली."

गॅरेजच्या उस्तादांनी विचारलं, "शेवटची मासळी कधी आणलीत गाडीतून?"

"गटारीला. आता श्रावणात कुठली मासळी?"

"मग तो बोंबील नव्हे."

उस्तादांनी डिकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला स्टिअरिंगखालचं कव्हर काढायला लावलं, हेडलाइट पाच मिनिटं चालू ठेवले आणि नाक आत घातलं. कॉम्बिनेशन स्विचच्या (स्टिअरिंगजवळच्या लाइट-इंडिकेटरच्या दांडीच्या स्विचच्या) कपलरचं, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडणीचं, एक घर तपकिरी पडून ओघळलं होतं. तापलेल्या स्विचचं प्लास्टिक पुष्कळदा मासळीसारखा वास देतं. तेव्हापासून गिऱ्हाईक वासाबद्दल बोलायला लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकतो.

पुढे जे झालं ती चूक माझी. उस्ताद दुसऱ्या गाडीखाली गेले आणि मी स्विच काढून मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे वाट अखंड असली की बीप देणाऱ्या खुणेवर, लावला. बीप वाजली. ओहमवर लावला तर 0.3, म्हणजे मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्यावर दिसतो तितकाच. "स्विच चांगला आहे," असं मीच जाहीर केलं. टर्मिनलवरचा काळा थर पॉलिश पेपरने घासला, पक्कडीने ते थोडं आवळलं, कपलर दाबून बसवला. लाइट लख्ख. काका खूश.

तीन आठवड्यांनी ते परत आले, या वेळी टोचन करून. गणपतीची मूर्ती आणायला निघाले होते आणि डॅशबोर्डमधून धूर आला. "अरे बाळा, मूर्ती गाडीत असती तर?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

उस्तादांनी मला स्विच काढूच दिला नाही. वायरिंग तात्पुरतं जोडलं, हाय बीम लावायला सांगितला आणि मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला. लाल पिन स्विचमध्ये येणाऱ्या वायरीवर, काळी पिन बाहेर जाणाऱ्या वायरीवर. आकडा आला 1.3. चांगल्या स्विचवर तो 0.1, फार तर 0.2 व्होल्ट असतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की तिथे काहीतरी जळतंय असं धरून चाला.

मग पुढे जाऊन बल्ब काढले. गाडीसोबत येतात ते 60/55 वॉटचे, हाय बीमला 60, लो बीमला 55. इथे कुणीतरी "उजेड जास्त पडतो" म्हणून 100/90 बसवले होते. शंभराचे दोन म्हणजे 200 वॉट, 12 व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर. कंपनीच्या बल्बांना दहा पुरतात. उस्तादांनी खडूने बॉनेटवर लिहिलं: 1.3 गुणिले 16. एकवीस वॉट. "आपली सोल्डरिंग आयर्न किती वॉटची?" पंचवीसची होती. म्हणजे काकांच्या स्टिअरिंगखाली कुणीतरी सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवून दिल्यासारखंच झालं होतं.

आता यातली गोम बघा. या स्विचचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, निघतो 1.3 भागिले 16, साधारण 0.08 ओहम. साध्या मीटरचा सगळ्यात लहान आकडाच 0.1, तो हे पकडणार कसा? शिवाय मीटर चाचणीसाठी अगदी चिमूटभर करंट सोडतो. सगळे धागे तुटून एकच उरलेली तारही त्याला धडधाकट वाटते. दोष दिसतो तो बल्ब पेटवून, खरा करंट वाहत असताना. तेवढाच 0.08 ओहम 1 स्क्वेअर मिलिमीटरच्या साडेचार मीटर तांब्याच्या तारेतही असतो, पण तिथे उष्णता साडेचार मीटरभर वाटली जाते आणि तार जेमतेम गरम होते. स्विचमध्ये तीच उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडते. त्यात आतली पितळी पट्टी तापून तिचा ताण जातो, पकड सैल होते, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापतं. म्हणून घासूनपुसून दिलेला स्विच परत येतोच. एकदा तापलेला स्विच आणि त्याच्या कपलरमधलं टर्मिनल, दोन्ही बदला. नव्या स्विचला जुनं भाजकं टर्मिनल लावलं तर नव्याचीही तीच गत होते.

गरम कुठे आहे, हे बोटाने शोधायला शिका. अख्खी वायर सारखीच गरम लागली तर तिच्यातून झेपत नाही इतका करंट जातोय, नाहीतर कुणीतरी बारीक वायर ओढलीय. एकच टोक गरम आणि हातभर पुढे वायर गार असेल, तर दोष त्या टोकाच्या सांध्यात. अर्धं निदान इथेच होतं. बोट लावण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर काय होतं, त्याची खूण आमच्या गॅरेजातल्या एकाच्या बोटावर कायमची आहे.

फ्यूजबद्दल मुलांचा मोठा गैरसमज असतो. "भाऊ, वायर वितळली, मग फ्यूज का नाही गेला?" कारण करंट वाढलाच नव्हता. फ्यूज वायरीला जादा करंटपासून वाचवतो. सैल सांध्यात करंट उलट थोडा कमीच होतो, त्यामुळे फ्यूज शांत बसून राहतो आणि कपलर जळतो. फ्यूज सारखा उडत असेल तर भानगड वेगळी, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे किंवा लोड जास्त आहे. तिथे निळा 15 चा काढून हिरवा 30 चा ठोकणारे महाभाग मी पाहिलेत. त्यानंतर फ्यूजचं काम वायर करते, आणि ती जळते गालिच्याखाली.

काकांच्या गाडीत आम्ही 60/55 चे बल्ब परत लावले, नवा स्विच घातला आणि डिम-डिपरला (लो आणि हाय बीमला) एकेक रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच, दिला. रिलेचे चार पाय तोंडपाठ करा: 85 आणि 86 ही कॉइल, 30 वर बॅटरीची वायर, 87 वरून बल्बकडे. स्विचवर आता फक्त कॉइलचा भार, म्हणजे अँपिअरचा पाचवा हिस्साही नाही. मुख्य वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घाला. सांधे पिळून टेप गुंडाळू नका. मुंबईच्या उन्हात टेपचा गोंद पाघळतो आणि पहिल्या पावसात सांधा उघडा पडतो. नीट क्रिंप करा, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून आवळा, वर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसणारी) स्लीव्ह चढवा.

मुंबईची म्हणून एक खास डोकेदुखी म्हणजे अर्थिंग, करंट बॉडीवरून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. खारी हवा, वर हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेलं पाणी. टर्मिनलवर हिरवा कळंक चढतो, बॉडीला जिथे अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळलेला असतो तिथे गंज येतो. तक्रार मात्र "ब्लोअर हळू फिरतो" किंवा "इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकतो" अशी येते. बॅटरीचा मायनस आणि बल्बचा अर्थ यांच्यामध्ये लाइट चालू ठेवून व्होल्टेज मोजा. 0.2 च्या वर असेल तर लग काढा, खालचा रंग आणि गंज खरवडा, आवळा, वर व्हॅसलीन फासा. पावसाळ्यात माझ्याकडची कितीतरी कामं एवढ्यावरच मिटतात. असल्या कामाचे पैसे मागताना सुरुवातीला लाज वाटते. ती सोडा, शोधण्याचे पैसे असतात.

नव्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच बहुतेक कंट्रोल युनिटला नुसता इशारा देतो, त्यामुळे तो सहसा तापत नाही. पण तिथे साधा टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला तपासणीचा बल्ब) भलत्या वायरीवर टेकवून युनिट उडवू नका. पिवळ्या कपलरची वायर एअरबॅगची, बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबल्याशिवाय तिच्या वाटेला जायचं नाही. आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलला ट्रेनिंगशिवाय हात नाही म्हणजे नाही.

काकांचा तो भाजलेला स्विच मी टाकला नाही. आता गॅरेज माझं आहे आणि तो खणात आहे. नवा मुलगा आला की मी त्याच्या हातात स्विच आणि मीटर देतो, बाजूला 12 व्होल्टची बॅटरी ठेवतो आणि म्हणतो, चांगला की वाईट सांग. तो मीटर लावतो, बीप वाजते, "चांगला आहे भाऊ." त्याने स्वतःच विकत आणलेला बल्ब, होल्डर आणि वायर समोरच्या टेबलावर पडलेली असते. पहिल्या खेपेला ती उचलणारा अजून कुणी भेटलेला नाही.