फ्रीज किती वीज खातो? मीटरलाच विचारा

मी फ्रीज दुरुस्त करतो. उन्हाळ्याचं बिल आलं की लोकांचे फोन सुरू होतात, ‘गॅस कमी झालाय वाटतं, फार खातोय.’ गॅस कमी झाला की आधी थंडावा जातो, हे त्यांना सांगून मी दमलोय. मी यायच्या आधी तुम्हीच एक करा.

पुढच्या वेळी दोन-तीन दिवस गावाला जाल तेव्हा फ्रीज सोडून बाकी सगळं बंद करा. टीव्हीचा बॉक्स, वायफाय आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंगही. निघताना मीटरच्या रीडिंगचा फोटो, आल्यावर पुन्हा फोटो. समजा तीन दिवसांत साडेचार युनिट पडले, तर रोजचे दीड, महिन्याचे पंचेचाळीस. घरात माणसं असताना दाराची उघडझाप होते, म्हणून खरा आकडा थोडा वरच धरा.

पंचेचाळीस म्हणजे किती रुपये? महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. तुमचा वापर ३२० असेल तर वाचलेले पहिले वीस युनिट महागाच्या टप्प्यातले असतात. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका, तुमच्या शेवटच्या युनिटच्या दराने करा.

आता फ्रीजकडे. सगळ्यात आधी दाराचं रबर. दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. सरकन निघाला तर तिथून हवा जाते. चारही बाजूंना बघा, खालचा कोपरा तर नक्कीच, कारण सांडलेलं दूध आणि पिठाचे कण तिथेच चिकटून बसतात. कोमट साबणाच्या पाण्याने रबराच्या घड्या आतून पुसा. दबलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरा, बऱ्याचदा सरळ होतं. तरीही कागद निघाला तर रबर बदला, ते काही फ्रीजच्या किमतीचं नसतं.

मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने झाडा. जाळी दिसत नसेल तर उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते. पत्रा गरम लागला म्हणून घाबरू नका, फक्त तिथे पोती, ट्रे, वर्तमानपत्रांचा गठ्ठा कोंबू नका. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. गॅसच्या शेगडीला लागून फ्रीज ठेवणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

एका दाराच्या फ्रीजमध्ये बोटभर बर्फ जमेपर्यंत थांबू नका, आधीच डीफ्रॉस्टचं बटण दाबा. सुरीने खरवडायचं मात्र नाही! आतला ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, टोक लागलं की गॅस गेलाच. आमटी, ताक झाकून ठेवा. उघड्या भांड्यातली वाफच बर्फ होऊन बसते. रात्री फ्रीज बंद ठेवून नावाला बचत होते, पण सकाळी कॉम्प्रेसर ती भरून काढतो आणि दूध नासलं तर तेही गेलं.

एवढं करूनही आकडा उतरला नाही, तरच नव्याचा विचार करा. दुकानात तारे मोजू नका, बीईईच्या (वीजबचतीचे तारे ठरवणारी सरकारी संस्था) लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात ते वाचा. तारे आकारमानाच्या हिशेबाने मिळतात, त्यामुळे मोठा पाच तारेवाला लहान तीन तारेवाल्यापेक्षा जास्त खाऊ शकतो. निकषही अधूनमधून कडक होतात, म्हणून लेबल कोणत्या काळासाठीचं आहे ते बघा. लेबलवर वर्षाचे १८० असतील तर महिन्याचे पंधरा. तुमच्या पंचेचाळीसमधून तीस वाचले. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ३००, वर्षाला ३,६००. फ्रीज १८,००० चा असेल तर पैसे पाच वर्षांत वसूल.

हा हिशेब जुना फ्रीज घराबाहेर गेला तरच जमतो. बहुतेक घरांत तो गॅलरीत जातो, त्यात चार पाण्याच्या बाटल्या राहतात आणि भर उन्हात तो पूर्वीपेक्षा जास्त चालतो.