पांढरट पानांचं झाड का कुजत होतं

चंदेरी पानांचं एक रोप कुणीतरी हातात दिलं, नाव काही सांगितलं नाही. मी आपली बाकीच्या कुंड्यांसारखीच त्याची सरबराई केली: रोज पाणी, वर पानांवर फवारा. दोन आठवड्यांत खालची पानं काळपट, चिकट झाली आणि मधल्या शेंड्यांची चांदी जाऊन नुसता हिरवा रंग उरला.

आधी झाड कुठलं ते शोधलं. पान चुरगळलं तर उग्र वास नाही, म्हणजे आर्टेमिसिया (आपला दवणा यातलाच) नव्हे. सशाच्या कानासारखं जाड, लांबट, अखंड पान असतं तर लॅम्ब्स इअर म्हटलं असतं. याचं पान खोल कातरलेलं, नक्षीसारखं. डस्टी मिलर! नखाने हलकेच खरवडलं तर पांढरी लव निघून खाली हिरवं पान दिसलं. ती चांदी म्हणजे रंग नाहीच, बारीक केसांचा थर. कडक ऊन परतवायचं आणि पानातलं पाणी राखायचं, हे त्याचं काम. आणि मी त्यावरच फवारे मारत होते!

सडकी पानं कापली, मुळं झाडून पाहिली. तपकिरी, मऊ झालेली छाटली. निम्मी माती, निम्मी जाड वाळू अशा मिश्रणात, तळाला मोठं भोक असलेल्या कुंडीत लावलं. सहा तास ऊन मिळेल अशी जागा. खत बंद, कारण जास्त नत्राने वाढ लुसलुशीत होते. पाणी बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच, तेही बुंध्याशी.

महिन्याभराने फुटलेली नवी पानं पांढरीशुभ्र. पिवळ्या फुलांचे दांडे मात्र मी येताच खुडते, मला ते आवडत नाहीत.