डायलिसिसवर असताना वाढलेले पीटीएच आटोक्यात कसे आणावे

मानेत थायरॉईडच्या मागे, तांदळाच्या दाण्यापेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या चार पराथायरॉईड ग्रंथी असतात. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फरस साचतो, ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप कमी पडते, कॅल्शियम उतरते आणि ते सावरण्यासाठी या ग्रंथी पीटीएच (पराथायरॉईड संप्रेरक) वाढवत राहतात. त्यामुळे हाडांतले कॅल्शियम बाहेर ओढले जाते. हाडे दुखेपर्यंत थांबू नये, कारण हा त्रास बराच काळ मुका असतो.

कॅल्शियम व फॉस्फरस दर 1 ते 3 महिन्यांनी आणि पीटीएच दर 3 ते 6 महिन्यांनी तपासावे, आणि एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहावे. डायलिसिसवर पीटीएच निरोगी माणसाइतके खाली आणायचे नसते. ते सामान्य कमाल मर्यादेच्या 2 ते 9 पट या टप्प्यात चालते, आणि फार दाबले तर हाडांची नवी घडण मंदावते.

सुरुवात फॉस्फरसपासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. डायलिसिसची वेळ कापू नये, फॉस्फेट मिसळलेले डबाबंद पदार्थ टाळावेत आणि बाइंडरची गोळी जेवणासोबतच घ्यावी. ती अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधते, त्यामुळे ताट उचलल्यावर तासाभराने आठवण होऊन घेतलेली गोळी जवळजवळ वायाच जाते.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर कॅल्सिट्रायॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल ही सक्रिय ड जीवनसत्त्वाच्या गटातली औषधे देतात. मात्र त्यांनी कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही चढू शकतात. सिनाकॅल्सेट हे दुसरे औषध ग्रंथीला कॅल्शियम पुरेसे असल्याचे भासवते, त्यामुळे पीटीएचबरोबर कॅल्शियमही उतरते, म्हणून कॅल्शियम आधीच कमी असेल तर ते सुरू करत नाहीत. ही गोळी अख्खी, जेवणासोबत घ्यावी. मळमळ झाली तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. ओठांभोवती मुंग्या येणे, बोटे आखडणे किंवा छातीत धडधडणे ही कॅल्शियम फार उतरल्याची खूण असू शकते, तेव्हा पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे.

औषधांनाही दाद न देणाऱ्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढतात, आणि काही वेळा त्यांचा छोटा तुकडा हाताच्या पुढच्या भागात रोवतात. त्यानंतर भुकेलेली हाडे रक्तातले कॅल्शियम झपाट्याने शोषतात, म्हणून पहिले 2 ते 3 दिवस ते दर काही तासांनी मोजून शिरेतून व तोंडाने भरून काढावे लागते.