स्वस्तातला हँडगन सेफ घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत हँडगन ठेवायचा छोटा सेफ तीस-चाळीस डॉलरपासून मिळतो. शंभर-दीडशे डॉलर मोजले तर बोटाच्या ठशावर उघडणारा, आत दिवा लागणारा चकचकीत बॉक्स दोन दिवसांत दारात येतो. इथे टेक्सासमध्ये माझ्या ओळखीच्या मराठी घरांतही पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये असे बॉक्स दिसू लागले आहेत. बंदूक घ्यावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण एकदा ती घरात आली की ज्या पेटीत ती ठेवायची ती पेटी पारखता आलीच पाहिजे. आपल्याकडे मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचतात आणि हा बॉक्स मात्र चार स्टार बघून मागवतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

बॉक्सलाच चोराविरुद्धची तिजोरी मानणं

स्वस्त बॉक्स बहुतेक १६ किंवा १८ गेजच्या पत्र्याचे असतात. म्हणजे पत्रा साधारण दीड किंवा सव्वा मिलिमीटर जाड. गेजचं गणित उलटं चालतं, आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. ‘१८ गेज स्टील’ असं ठळक छापलेलं बघून भारदस्त वाटतं, पण १० गेजचा पत्रा सुमारे साडेतीन मिलिमीटरचा असतो आणि असे दोन बॉक्स शेजारी ठेवून झाकण अंगठ्यानं दाबून पाहिलं की फरक तिथेच कळतो. पातळ पत्र्याचं झाकण मधोमध लवतं. ज्या झाकणाला अंगठ्यानं लववता येतं, ते जाड स्क्रूड्रायव्हरपुढे काय टिकणार?

बॉक्सवरच्या शिक्क्यांचाही नीट अर्थ लावा. कॅलिफोर्नियाच्या डीओजेची, म्हणजे न्याय विभागाची, मान्यता म्हणजे मुलांच्या आणि अनधिकृत माणसांच्या हाती बंदूक सहज लागू नये यासाठीची चाचणी. हत्यारं घेऊन आलेल्या सराईत चोराला रोखणं हा तिचा हेतू नाही. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ२४५६ हे मानकही मुलांना रोखण्यापुरतंच आहे. ‘टीएसए’ (विमानतळावर तपासणी करणारी अमेरिकी यंत्रणा) लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की विमानात चेक-इन सामानातून बंदूक नेण्यासाठी जी कडक कवचाची, कुलूपबंद पेटी लागते, त्या नियमात हा बॉक्स बसतो असा कंपनीचा दावा आहे. चोरीविरुद्धचा खरा शिक्का यूएल या उत्पादनांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचा, ‘रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर’ म्हणून. त्याच्या पहिल्या पातळीसाठी हातोडी, पहार, स्क्रूड्रायव्हर अशी हत्यारं घेतलेल्या एका माणसापुढे पेटीनं पाच मिनिटं तग धरावा लागतो. शंभर डॉलरच्या छोट्या बॉक्सवर हा शिक्का सहसा नसतो.

म्हणजे स्वस्त बॉक्स टाकाऊ असतो का? अजिबात नाही. त्याचं काम वेगळं आहे: घरातलं मूल, पाहुणा, घरकामाला येणारी व्यक्ती, चिडलेला टीनएजर यांच्यापासून बंदूक दूर ठेवणं. हे काम पातळ पत्राही करू शकतो, पण आतलं कुलूप प्रामाणिक असेल तरच. म्हणून सगळी पारख तिथे करायची.

आतला सोलेनॉइड न तपासणं

बहुतेक इलेक्ट्रॉनिक बॉक्समध्ये कीपॅड किंवा ठशाचा सेन्सर हा नुसता निरोप देणारा असतो. प्रत्यक्ष दार अडवून धरते ती स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी धातूची पिन. कोड बरोबर आला की विजेच्या चुंबकानं, म्हणजे सोलेनॉइडनं, ती पिन क्षणभर मागे ओढली जाते आणि मूठ फिरते. स्वस्त बॉक्समध्ये ही पिन हलकी आणि तिची स्प्रिंग मऊ असते. बॉक्सला दणका बसला की पिन आपोआप उडते, आणि त्याच क्षणी मुठीवर जोर असेल तर दार उघडतं. ना कोड लागतो, ना ठसा, ना किल्ली.

ही कल्पनेतली भीती नाही. २०१२ मध्ये लास व्हेगासच्या डेफ कॉन या हॅकरांच्या परिषदेत कुलपांचे अभ्यासक मार्क वेबर टोबियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातले अनेक लोकप्रिय हँडगन सेफ असेच उघडून दाखवले. काही बॉक्स काही इंच उचलून खाली सोडले की उघडत होते, आणि त्यांच्या व्हिडिओत हे काम तीन वर्षांचं मूल करताना दिसतं. इतर काही बॉक्स वाकवलेल्या तारेनं किंवा पातळ पट्टीनं उघडले, कारण बॉक्स पक्का करायच्या बोल्टसाठीच्या भोकातून, नाहीतर झाकणाच्या फटीतून आतल्या यंत्रणेपर्यंत पोचता येत होतं. हे संशोधन ज्या प्रकरणातून सुरू झालं ते वॉशिंग्टन राज्यातलं. २०१० मध्ये तिथे एका पोलिसाच्या घरी त्याच्याच बंदुकीची गोळी लागून तीन वर्षांचा मुलगा गेला होता, आणि बंदूक ठेवायचा सेफ त्याला खात्यानंच दिलेला होता.

तेव्हा बॉक्स घरी आला की रिकामा असतानाच ही तपासणी करा. बंद करा. मुठीवर हलका जोर ठेवून वरून, बाजूनं, मागून बुक्कीनं ठोका. जाड रजईवर दोन-तीन इंचांवरून सोडून पाहा. प्रत्येक बाजूवर आपटून पाहा, कारण पिन कोणत्या दिशेला बसवली आहे ते बाहेरून कळत नाही. मग टॉर्च घेऊन बोल्टच्या भोकांतून आत बघा. कोड बदलायचं बटण तिथून दिसत असेल तर पेन्सिलीनंही दाबता येईल. फ्रिजवरच्या साध्या चुंबकानं काही होणार नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातला जोरदार चुंबक दाराजवळ, कीपॅडभोवती फिरवून पाहा. यातल्या एकाही प्रकारानं बॉक्स उघडला तर तो परत पाठवा. ‘आमचा मुलगा असं कुठे करणार’ म्हणून ठेवून घेऊ नका.

ठसा नोंदवला म्हणजे काम झालं असं मानणं

माझ्या मते ही सगळ्यात धोकादायक चूक, कारण इथे बॉक्स सुरक्षित असल्याचा भासच निर्माण होतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं, म्हणजे सीपीएससीनं, फोर्ट्रेस कंपनीचे सुमारे ६१ हजार बायोमेट्रिक, म्हणजे ठशावर उघडणारे, सेफ परत मागवल्याचं जाहीर केलं. नोंद न केलेल्या बोटांनी सेफ उघडल्याच्या ३९ तक्रारी आल्या होत्या. अशा एका सेफमधून मिळालेल्या बंदुकीनं बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाल्याचा दावाही कोर्टात दाखल झाला होता. २०२४ च्या सुरुवातीला ऑसेफ आणि बुलडॉगसह आणखी काही ब्रँडचे सेफ याच कारणासाठी परत मागवले गेले.

कारण काय, तर हे बॉक्स कारखान्यातून ‘कोणाच्याही ठशानं उघडा’ अशा अवस्थेत येतात. मालक ठसा नोंदवायला जातो, एखादी पायरी चुकते, नोंदणी पूर्ण होत नाही. तरी त्यानं बोट ठेवलं की बॉक्स उघडतो. त्याला वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात तो बॉक्स घरातल्या प्रत्येक बोटाला उघडत असतो.

म्हणून नोंदणी केल्यावर आपलं बोट लावून बघण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्यांची बोटं लावा. बायकोचं, आईचं, शेजाऱ्याचं, आपलीच न नोंदवलेली बोटं, कोपर, हाताचा तळवा. प्रत्येक वेळी नकार आला पाहिजे. बॅटरी बदलल्यावर हीच तपासणी पुन्हा करा, कारण काही स्वस्त बॉक्समध्ये बॅटरी काढली की नोंद टिकेलच याचा भरवसा नसतो.

उलट तक्रारही ऐकू येते, ‘माझाच ठसा घेत नाही’. हिवाळ्यात कोरडी पडलेली त्वचा, कणीक मळून किंवा भांडी घासून आलेले हात, बोटावरची छोटी चीर, एवढं पुरतं. सेन्सर मऊ कापडानं पुसा. एकच बोट चार-पाच कोनांतून, वेगवेगळ्या नोंदी म्हणून नोंदवा. दुसऱ्या हाताचंही एक बोट असू द्या.

किल्ली आणि बॅटरी

जवळपास प्रत्येक इलेक्ट्रॉनिक बॉक्सला आणीबाणीसाठी किल्लीचं भोक असतं, आणि दार ठशाचं असो की कोडचं, बॉक्सची ताकद या कुलपाएवढीच. ही कुलपं बहुधा साधी वेफरची, म्हणजे आत पातळ पत्र्याच्या पट्ट्या असलेली, किंवा गोल नळीसारखी असतात. नळीची कुलपं किती भरवशाची हे २००४ मध्येच जगानं पाहिलं: क्रिप्टोनाइटची सायकलची नामांकित कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीनं उघडत होती. दुकानात एकाच मॉडेलचे दोन बॉक्स मिळाले तर एकाची किल्ली दुसऱ्याला लावून पाहा. लागली, तर त्या मॉडेलचा नाद सोडा.

किल्ली कुठे ठेवता? बॉक्सच्या आत ठेवणारे लोक आहेत, आणि बॅटरी संपल्यावर त्यांची पंचाईत होते. बॉक्सखाली टेपनं चिकटवणारे त्याहून वाईट. एक किल्ली ऑफिसच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

बॉक्स उघडत नसेल तर आधी बॅटरीवर संशय घ्या. कीपॅडचा दिवा हिरवा लागतो, बीप वाजतो, आतून बारीक ‘टिक’ ऐकू येतं, पण दार हलत नाही: याचा अर्थ दिवा लावण्यापुरता जीव बॅटरीत आहे, पिन ओढण्यापुरता नाही. चारही सेल एकदम, एकाच कंपनीचे बदला. जुने अल्कलाइन सेल गळतात आणि स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते, ती कोरड्या ब्रशनं साफ करा. सेल ताजे असूनही दार अडत असेल तर बहुधा आतली वस्तू झाकणाला टेकून आतल्या खिट्टीवर दाब देत असते. झाकण वरून घट्ट दाबून धरा आणि मग कोड घाला. आत भरलेली बंदूक असताना पहारीनं झाकण उचकटायला जाऊ नका. परवानाधारक लॉकस्मिथला बोलवा आणि आत काय आहे ते त्याला आधी सांगा.

बॉक्स सुटा ठेवणं

तीन-चार किलोचा सुटा बॉक्स चोर पिशवीत टाकून नेतो आणि निवांत उघडतो. सोबत येणारी पातळ वायर कटरनं एका दाबात तुटते, त्यामुळे ती फक्त गाडीत, थोड्या वेळापुरती ठीक. घरी बॉक्स आतल्या भोकांतून स्क्रू मारून पक्का करा. इथल्या भिंती विटांच्या नसतात, हे भारतातून आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. ड्रायवॉलमध्ये, म्हणजे भिंतीच्या जिप्समच्या पातळ फळीत, मारलेला स्क्रू हातानं उपटून येतो. भिंतीमागचं लाकूड, म्हणजे स्टड, शोधून त्यातच लांब स्क्रू घाला. दोन स्टडमध्ये साधारण सोळा इंचांचं अंतर असतं, त्यामुळे छोट्या बॉक्सची दोन्ही भोकं स्टडवर येत नाहीत. अशा वेळी आधी स्टडवर जाड फळी ठोका आणि फळीवर बॉक्स बसवा.

कोड, ब्लूटूथ आणि घरातली गर्दी

मोबाइलवरून उघडणारे सेफ मी टाळतो. २०१७ मध्ये व्हॉल्टेक कंपनीच्या एका मॉडेलमध्ये असं आढळलं की ब्लूटूथनं जोडलेल्या फोनकडून आलेला पिन कोड सेफ तपासतच नव्हता. कंपनीनं दुरुस्ती केली, पण पलंगाशेजारच्या पेटीत हा आणखी एक दरवाजा उघडा ठेवायची गरजच काय?

माझी पसंती बॅटरीविना चालणाऱ्या, पाच बटणांच्या यांत्रिक कुलपाला. किंमत जास्त पडते. त्यातही दोन गोष्टी सांभाळायच्या. कारखान्याचा कोड सगळ्यांना माहीत असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. आणि सिम्प्लेक्स प्रकारच्या या कुलपात कोडच्या एकूण १,०८२ च जुळण्या होतात, चुकीच्या प्रयत्नांनंतर ते बंदही पडत नाही. चिकाटीच्या टीनएजरला एक मोकळी दुपार पुरेल. त्यामुळे असा बॉक्स नजरेआड हवाच, आणि घरात या वयाचं मूल असेल तर गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवा.

इलेक्ट्रॉनिक कीपॅडवर जन्मतारीख, घराचा नंबर, १२३४ नको. आठवड्यातून एकदा बटणं पुसा, नाहीतर नेहमीची चार बटणं तेलकट दिसतात. मुलांसमोर कोड घालू नका. चार वर्षांचं मूल आपल्या फोनचा पॅटर्न नुसतं बघून शिकतं, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे.

गणपतीत, हळदीकुंकवाला किंवा मंडळाच्या पॉटलकला घरात पंधरा-वीस मुलं असतात आणि ती बेडरूममध्येच खेळतात. कोट ठेवायच्या निमित्तानं पाहुणेही तिथेच जातात. पाहुणे यायच्या आधी बॉक्स बंद आहे याची हातानं ओढून खात्री करा, ड्रॉवरही कुलूपबंद करा. दुसऱ्यांकडे मुलांना पाठवताना ‘घरात बंदूक आहे का, कुठे ठेवता’ हे विचारायला संकोचू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी आपण विचारतोच. टेक्सासमध्ये भरलेली बंदूक निष्काळजीपणानं सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देणं हा गुन्हा आहे. मॅसॅच्युसेट्स, ओरेगन, मिशिगन या राज्यांत बंदूक कुलपात ठेवण्याबद्दल स्वतंत्र कायदे आहेत. आपल्या राज्याचा कायदा वाचूनच जागा ठरवा.

पुण्या-मुंबईत हेच छोटे डिजिटल सेफ दागिने आणि रोकड ठेवायला घेतात. आतला सोलेनॉइड बऱ्याचदा त्याच जातीचा असतो, त्यामुळे बुक्कीची आणि टॉर्चची तपासणी तिथेही जशीच्या तशी करा. तिथे भिंत विटांची किंवा काँक्रीटची असते, म्हणून स्क्रूऐवजी अँकर फास्टनर वापरा.

आधीपासून घरात असलेला बॉक्स

झाकणाच्या आत किंवा तळाला मॉडेल नंबर असतो. तो सीपीएससीच्या रिकॉलच्या, म्हणजे परत मागवलेल्या वस्तूंच्या, यादीत शोधा. अमेरिकेत पाचेक मिनिटांचं काम आहे. नंबर यादीत सापडला तर बंदूक लगेच दुसऱ्या कुलूपबंद जागी हलवा आणि कंपनीशी संपर्क करा. फोर्ट्रेसच्या रिकॉलमध्ये ठशाची सोय वापरणं थांबवा, बॅटरी काढा, बंदूक ठेवायची तर फक्त किल्लीनंच सेफ वापरा आणि मोफत नवा सेफ मागवा, असं सांगितलं होतं. रिकॉल झालेला बॉक्स गराज सेलमध्ये विकू नका, दान करू नका, ‘कागदपत्रं ठेवायला होईल’ म्हणून भावाला देऊ नका. बदली बॉक्स आला की जुन्याचं दार बिजागरीतून उखडा, सर्किट काढा आणि सांगाडा भंगारात टाका.