चाप न ओढता बंदूक सुटली तर पुढं काय करायचं

नागपूर शहरात अन आजूबाजूच्या काटोल, उमरेड, रामटेक, सावनेर पट्ट्यात लायसन्सच्या बंदुका बऱ्याच घरी आहेत, कुठं वावरातल्या डुकरांसाठी घेतलेली, कुठं आजोबांच्या वेळेची दुनळी. आणि एक प्रश्न हमखास येतो, की भाऊ, चापाला हात नाही लावला तरी बार झाला, आता काय करू. हे नीट वाचा, कारण पहिल्या बारात कोणी बचावलं असेल तर दुसऱ्यात बचावेलच असं नाही.

सगळ्यात आधी, बार झाल्याबरोबर बंदूक हातातून टाकू नका. दचकून माणूस टाकतो, अन टाकली की ती परत सुटू शकते. नळी जिकडं माणूस, जनावर, भिंतीपलीकडचं घर नाही तिकडं धरून ठेवा, बोट चापाच्या कडीबाहेर. जवळ कोणाला लागलं का ते विचारा. लागलं असेल तर बंदूक खाली ठेवून (नळी सुरक्षित बाजूला) जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, काढून काढून बघू नका, आत काही दिसलं तर उपसू नका, कोणालातरी १०८ लावायला सांगा, पोलिसांसाठी ११२. शहरात असाल तर मेडिकल किंवा मेयो (नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं), कुठं न्यायचं ते ॲम्बुलन्सवाले सांगतात.

कोणाला काही झालं नसेल तर आता रिकामी करायची. यात क्रम चुकला की घात होतो. पिस्तूल किंवा सेमी-ऑटोमॅटिक असेल तर पहिले मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढा, मग स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागं ओढून चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथली) गोळी बाहेर. बरेच लोक मॅगझिन काढलं म्हणजे झालं रिकामं असं समजतात, पण एक गोळी चेंबरमध्ये बसलेली असते आणि जीव तीच घेते. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर दुसरी गोळी वर चढते, म्हणून मॅगझिन आधी. दुनळी असेल तर ती मधून मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही काडतुसं काढा. चेंबर डोळ्यानं बघा, अंधार असेल तर करंगळीनं चाचपून बघा. तोंडाकडून नळीत डोकावायचं नाही, कधीच नाही.

दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. चाप ओढला अन नुसतं टक वाजलं, बार नाही झाला, तर नळी त्याच सुरक्षित बाजूला ठेवून निदान ३० सेकंद थांबा, जमलं तर मिनिटभर, कारण कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. आणि बार झाला पण आवाज फुसका, धक्का कमी, तर तिथंच थांबा, गोळी नळीतच अडकलेली असू शकते, त्यावर दुसरी मारली की नळी फाटते.

आता असं होतंच कशानं? खरं सांगायचं तर बऱ्याचदा बोट चापावर गेलेलं असतं अन माणसाला कळतच नाही. पण बंदुकीचाही दोष असतो. घोडा म्हणजे चाप ओढल्यावर पिनवर आपटणारा भाग, अन पिन म्हणजे काडतुसाच्या बुडाला ठोका देणारी सुई. घोडा अडवून धरणारा दाता झिजला की हलक्या धक्क्यानं निसटतो. जुन्या बाहेरच्या घोड्याच्या काही दुनळ्यांत घोडा सरळ पिनवर टेकलेला राहतो, दारात आपटली की बार. धूळ अन वाळलेलं ग्रीस साचून फायरिंग पिन पुढंच अडकली तर स्लाइड किंवा बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते. आणि सेफ्टीवर फार भरवसा ठेवू नका, पुष्कळ दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही.

हे सांगितलं ते कारण समजावं म्हणून, घरी खोलून घासायला नाही. दाता एक केसभर जास्त घासला की बंदूक आधीपेक्षा धोक्याची होते, अन तुम्हाला ती बरी वाटत राहते. "परत होते का बघू" म्हणून जिवंत काडतूस घालून आपटून बघणं तर अजिबात नको, वाचवा स्वतःला अन घरच्या लेकरांना. काडतुसं वेगळ्या कुलपात, बंदूक वेगळ्या कुलपात, त्यावर चिठ्ठी लावा, नादुरुस्त आहे, हात लावू नये.

दुरुस्ती लायसन्सवाल्या गनस्मिथ किंवा डीलरकडंच. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम ५ प्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही लायसन्स लागतं, म्हणजे लेथवाला मित्र चालत नाही, कितीही हुशार असला तरी. बंदूक स्वतः न्या, लायसन्स जवळ ठेवा, तुम्हाला जमत नसेल तर कलम ३ मध्ये तुमच्या लेखी परवानगीनं दुसऱ्याला दुरुस्तीसाठी नेता येते, ती चिठ्ठी मात्र हवीच. काय झालं ते जसंच्या तसं सांगा, हातात होती की टेकवलेली, स्लाइड बंद होताना की नंतर, वापरलेली काडतुसं कोणती. झालेल्या बाराची खबर ठाण्यात आधीच द्या, शेजाऱ्यानं दिल्यावर नाही.

आणि घरी जुळवलेली किंवा देशी कट्टा असेल तर? त्याचं ट्रबलशूटिंग नसतं. कुठलं स्टील, किती दाब सोसेल हे कोणी तपासलेलं नसतं, आज आपोआप सुटते, उद्या हातात फुटेल. विनालायसन्स बनवणं अन दुरुस्त करणं याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तिला हात न लावता वकिलाला गाठा अन त्याच्यामार्फत पोलिसांत जमा करा.

बंदूक दुरुस्त होऊन आली की जुन्या काडतुसांकडं बघा. कागदी खोळीची काडतुसं पावसाळ्यात फुगतात, चेंबरमध्ये अडकतात. फुगलेली, हिरवट पडलेली, गाडीच्या डिक्कीत नागपूरचे उन्हाळे काढलेली काडतुसं वापरू नका. जाळायची नाहीत, वावरात पुरायची नाहीत, विहिरीत टाकायची नाहीत. नोंद करून डीलरकडं किंवा ठाण्यात जमा करा अन पावती घ्या.