जुना साथीदार तुरुंगातून सुटून दारात उभा राहिला, तर काय करावे

गोव्यातल्या कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला माणूस पहिल्या काही दिवसांत ज्या दोन-तीन दारांशी जातो, त्यांत जुन्या साथीदाराचे दार असतेच. ज्याने वाईट मार्ग सोडून काम धरले आहे, पण मित्राचे उपकार ज्याला विसरता येत नाहीत, अशा तरुणासाठी हे लिहीत आहे. डिचोलीतल्या माझ्या गॅरेजमध्ये असा एक मुलगा काम करतो आणि पुढचे बरेचसे मी त्याच्याकडे पाहून शिकलो.

मित्र सुटणार असल्याचे कळताच घरी आणि कामाच्या ठिकाणी एका तरी वडीलधाऱ्या माणसाला सांगून ठेवा, कारण लपवलेली भेटच पुढे गळ्याशी येते. भेटायचे ते दिवसा आणि चारचौघांत. आमच्याकडे तो मित्र आला तो नेमका शटर ओढायच्या वेळी. मुलाने हातातला पाना तसाच ठेवून त्याला समोरच्या भाजी-पावाच्या हॉटेलात नेले आणि बसताक्षणीच सांगितले, "पोटभर खा, पैसे मी देतो. पण गाडीची चावी मागू नकोस, ती मिळणार नाही." नकार असा आधीच द्यावा, मागणी झाल्यावर दिलेला नकार मित्राला अपमानासारखा लागतो.

खरी कसोटी यानंतर असते. "पोलिसांनी झोडपले तरी तुझे नाव घेतले नाही, विसरलास?" असे तो म्हणाला आणि आमचा मुलगा बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिला. या ऋणाला खोटे म्हणू नका, ते खरेच आहे. मात्र त्याची फेड कशाने करायची, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे. जेवण, कपडे, प्रवासखर्च, कोर्टाच्या तारखेला सोबत, ओळखीच्या ठिकाणी कामासाठी शब्द टाकणे, हे सगळे द्यावे. गाडी, खोली, सिमकार्ड आणि बँक खाते ही चार मात्र एका रात्रीसाठीसुद्धा देऊ नयेत.

यामागे कायद्याचे कारण आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 25 नुसार, आपली जागा किंवा वाहन अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्याला त्या मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. चोरीचा माल ओळखूनही ठेवून घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून "कपड्यांची पिशवी आहे, दोन दिवस ठेव" असे कोणी म्हटले, तर ती हातातही घेऊ नका. तुम्ही स्वतः 1958 च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटलेले असाल, तर ही भेट तुमच्या परिवीक्षा अधिकाऱ्याला आपणहून सांगणे उत्तम.

तो जामिनावर आहे की शिक्षा भोगून आला आहे, हे त्याला स्पष्ट विचारा. जामिनावर असल्यास अटींचा कागद दोघांनी मिळून वाचावा आणि हजेरीचे दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावेत, कारण अटी मोडल्यास जामीन रद्द होऊ शकतो. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर फोन करून मोफत मदत मिळते का, ते विचारता येते.

तो एखादा बेत सांगू लागला, तर पहिल्याच वाक्याला त्याला थांबवून उठावे. धमकी दिली, तर 112 वर फोन करावा. इथे मैत्रीची भीड बाळगणे मला तरी मुळीच योग्य वाटत नाही.

तो रागावून निघून गेला, तर त्याच्या मागे धावू नका. आमच्या मुलाने आठ दिवस जाऊ दिले आणि एका रविवारी सकाळी नारळ व केळी घेऊन तो मित्राच्या आईला भेटायला गेला. मित्र घरातच होता. बाहेर आला नाही, पण निघताना आतून आवाज आला, "पुढल्या मंगळवारी तारीख आहे. येशील?"